गावातल्या पोरापोरींचा फुटबॉलचा सराव: रांगा, राउंड आणि ऊन

मैदानावरचा मास्तर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शिकवतो. शाळेत वेगळा क्रीडा शिक्षक नाही, म्हणून सहा वर्षांपासून फुटबॉल माझ्याकडे आहे. सहावी ते दहावीची ३२ पोरं-पोरी, चार चेंडू, एक पंप. मैदान म्हणजे शाळेमागची काळ्या मातीची पट्टी, एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला कपाशीचं वावर.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण हा धागा तिच्यामुळेच काढला आहे. आपल्याकडे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. पोरं दोन महिने मैदानापासून लांब असतात आणि शाळा उघडली की महिना-दीड महिन्यात तालुक्याचे सामने येऊन ठेपतात. मागच्या वर्षी पाऊस लांबला होता. पहिल्याच आठवड्यात दुपारी चारला मी सराव लावला. दोघं उशिरा आले म्हणून सगळ्यांना दहा राउंड दिले. सातव्या-आठव्या राउंडला आठवीतला एक मुलगा वाकडातिकडा पळू लागला. मला वाटलं, कंटाळलाय. मग तो खाली बसला. जवळ जाऊन विचारलं, "आज वार कोणता रे?" तर म्हणाला, "आईनं बोलावलं." अंगाला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखं.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि मी त्याला कडुनिंबाखाली ओढलं, शर्ट काढला आणि शाळेच्या टाकीतून बादलीवर बादली ओतली. माझा टॉवेल भिजवून त्याच्या डोक्यावर, मानेवर ठेवला. १०८ येईपर्यंत पोरं पुठ्ठ्यांनी वारा घालत होती. एक रात्र दवाखान्यात राहून तो नीट घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. टॉवेल धुऊन, घडी घालून आणला होता, तो टेबलावर ठेवला आणि गेले.

त्या दिवसापासून माझ्या मैदानावर शिक्षेचा राउंड बंद आहे. पण नुसतं बंद करून भागत नाही, त्या जागी काय करायचं हे ठरवावं लागतं. म्हणून मी घड्याळ लावून एक दिवस नुसता पाहत बसलो. ३२ जणांची एक रांग, एक गोल, एक चेंडू. एकाचा शॉट, चेंडू परत, पुढचा, असे साधारण आठ सेकंद. म्हणजे एकदा मारलं की पुन्हा पाळी यायला ४ मिनिटं १६ सेकंद. २० मिनिटांत पोराच्या वाट्याला चार-पाच शॉट. बाकी वेळ उन्हात उभं राहणं, एकमेकाला ढकलणं, मातीचे ढेकळं मारणं. माझ्याकडच्या बारीकसारीक दुखापती पाहिल्या, तर निम्म्या रांगेतल्या आहेत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की सरावात वाया जाणारा वेळ आणि सरावात होणारी इजा यांचं मूळ बरेचदा एकच असतं. तुमच्या गावी कसं करता, सविस्तर लिहा.

---

जुना हाफबॅक

सर, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी नागपुरात बरीच वर्षं खेळलो, आता गावी शेती आहे आणि संध्याकाळी पोरं घेतो. आम्हाला शिकवणाऱ्यांनीही राउंडच दिले, आणि आम्ही तेच पुढे चालवलं. कोणी तपासून पाहिलं नाही की मैदानाभोवती एका लयीत दहा चकरा मारणारा पोरगा सामन्यात कोणत्या मिनिटाला तसा पळतो. फुटबॉलमध्ये पाच-सात पावलांची झेप, थांबणं, वळणं, परत झेप, हेच असतं. तो दम चेंडूवरच तयार होतो.

तुमच्याकडे ३२ पोरं आणि चार चेंडू आहेत ना? मग हिशेब आपसूक बसतो. चार छोटी मैदानं, प्रत्येकात चार विरुद्ध चार, प्रत्येक मैदानाला एक चेंडू. बत्तीसच्या बत्तीस खेळात, रांग शून्य. मैदान साधारण ३० पावलं लांब, २० रुंद. दोन मैदानांमध्ये चार-पाच पावलांची मोकळी पट्टी सोडा, नाहीतर शेजारचा चेंडू पायाखाली येऊन घोटा मुरगळतो. मी एकदा एका लाजऱ्या पोरीवर नजर ठेवून मोजलं. दहा मिनिटांच्या चार-चारच्या खेळात तिचा चेंडूला ४१ वेळा पाय लागला. तीच पोरगी अकरा-अकराच्या खेळात अर्ध्या तासात सहा वेळा चेंडूजवळ गेली होती.

छोट्या खेळातून काय उभं राहतं हे नागपूरकरांना सांगायला नको. विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन जे काम उभं केलं, ते कमी जागा आणि कमी पोरांच्या खेळावरच. मोठं मैदान नाही म्हणून रडत बसले असते तर काहीच झालं नसतं.

दुसरं, रोज एकच गोष्ट शिकवा. आज पास देऊन जागा सोडायची, तर सगळे खेळ त्याभोवतीच. आणि शिट्टी कमी. दर मिनिटाला खेळ थांबवून भाषण दिलं की पोरं गार पडतात, आणि गार पडलेल्या पायानं जोरात पळालं की मांडीमागचा स्नायू धरतो.

---

कपाशीवाला

मास्तर, मी कोच नाई, एका पोट्ट्याचा बाप आहो. तुमी लिहलं ते वाचून पोटात कालवलं. पन दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

दिवाळीच्या आगंमागं पोट्टे सकाऊन वावरात जातेत, दुपारलोक कापूस येचतेत अन् मंग तुमच्या मैदानावर येतेत. तुमाले वाटते पोट्टा ताजा हाये. त्याची कंबर आधीच गेलेली असते. एकदा इचारून पाहा, "आज कामाले कोन कोन गेलता?" जो गेलता त्याले थोडं कमी करू द्या. मायं पोट्टं तुमाले कधीच सांगनार नाई, कारन त्याले टीममधून काढतीन असं भेव वाटते.

दुसरं म्हंजे फवारनी. तुमचं मैदान कपाशीले लागून हाये म्हनता. २०१७ साली आपल्या यवतमाय जिल्ह्यात फवारनीच्या इषबाधेनं वीसच्या वर मानसं गेली, हे आपन कोनीच इसरलो नाई. चेंडू वावरात गेला का पोट्टे कपाशीत घुसतेत, मंग त्याच हातानं डबा खातेत. वावरवाल्याले इचारा फवारनी कोन्या दिवशी हाये. त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी मैदान बंद. वारा मैदानाकडे असन तर बिलकुलच नाई. मी सोता माया वावराच्या धुऱ्यावर लाल फडकं बांधतो फवारलं का, पोट्टे लांबूनच समजतेत.

---

मैदानावरचा मास्तर

भाऊ, राग कसला! लाल फडक्याची गोष्ट उद्याच आमच्या शेजारच्या वावरवाल्या काकांच्या कानावर घालतो. आणि कापूस वेचून आलेल्या पोरांबद्दल तुम्ही म्हणता ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, हे कबूल करतो. हजेरीच्या वेळी विचारत जाईन, पण सगळ्यांसमोर नाही.

---

आरोग्यसेविका ताई

सर, तुम्ही त्या मुलाला आधी गार केलंत आणि गाडीची वाट नंतर पाहिलीत, तेच बरोबर होतं. उष्माघातात शरीर आतून ४० अंशांच्या वर जातं, आणि ते किती वेळ तसं राहतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. बरळणं, तोल जाणं, विचारलं एक आणि सांगितलं दुसरंच, ही खूण दिसली की खेळ थांबवून सावली, कपडे सैल, सगळं अंग भिजवणं, वारा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं धरून चालू नका, पळणाऱ्या मुलात घाम असतानाही तो होतो. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, सगळ्यांनी, खेळ थांबवून. विश्वचषकाच्या सामन्यातसुद्धा २०१४ साली ब्राझीलमध्ये उन्हामुळे पाण्यासाठी खेळ थांबवला होता, मग आपल्या चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात लेकरांना का नाही? ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर उलट त्रास होतो.

सुट्टीनंतर अंगाला ऊन पुन्हा सवयीचं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिला आठवडा अर्धाच सराव, तोही सकाळी. तुमच्याकडे घात झाला तो पहिल्याच आठवड्यात, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

आता माझ्या जिवाची गोष्ट. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईवडिलांकडून येणारा आजार. ज्याला आजार आहे त्या मुलाला तहान, थंडी आणि अति दमणं यातून कळा सुरू होतात. त्याचा सराव डॉक्टरांना विचारूनच. पण जो नुसता वाहक आहे, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच ज्याला तो दोष आला आहे, तो दिसायला ठणठणीत असतो आणि खेळूही शकतो, फक्त त्याला न थांबता पुन्हापुन्हा जीव तोडून पळवायचं नाही. अशा मुलाच्या पायात गोळे आल्यासारखं, पाय गळाल्यासारखं होतं आणि तो बोलता बोलता खाली बसतो. लोक म्हणतात नाटक करतो. ते नाटक नसतं. लगेच थांबवा, पाणी द्या, आणि बसल्यावरही बरं वाटत नसेल तर सरळ दवाखाना. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात होते. तुमच्या उपकेंद्रात बोला, संघाची तपासणी एकाच दिवशी करून घेता येईल.

आणि धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. अनवाणी खेळणाऱ्यांची ती झाली आहे का, एवढं आजच पाहा.

---

मैदानावरचा मास्तर

ताई, एक प्रश्न मनापासून विचारतो. एखादं मूल वाहक निघालं आणि गावात बोभाटा झाला तर? पुढे मुलीच्या लग्नापर्यंत ती गोष्ट जाते. मला त्या पोरांचं भलं करायचंय, बट्टा लावायचा नाही.

---

झाडीपट्टीची लेक

सर, याचं उत्तर मी देते. गडचिरोलीकडे मुलींचा संघ चालवते, १९ मुली आहेत. आमच्याकडे हा प्रश्न घरोघरचा आहे. मी काय केलं, तर एकीसाठी नियम न करता सगळ्यांसाठी केला. आमच्या सरावात कोणीही, कधीही, कारण न सांगता हात वर करून बाहेर येऊन बसू शकते. दोन मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, वाटलं तर परत यायचं. मी "काय झालं?" एवढंसुद्धा मोठ्यानं विचारत नाही, जवळ जाऊन बसते. कोणाचा रिपोर्ट काय हे माझ्याजवळ असतं आणि तिच्या घरच्यांजवळ, बस्स. सगळ्यांनाच दमादमानं वाढवत नेलं तर वाहक मुलगी वेगळी पडतच नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्याच हात वर करतील अशी भीती मला होती. तसं झालं नाही. उलट पाळी असली, पोट दुखत असलं, घरून उपाशी आली असली तरी आधी लपवायच्या, त्या आता सांगतात. माझ्या थैलीत फुटाणे-गूळ आणि पॅड दोन्ही असतात.

अजून एक. सराव संपल्यावर मुली घरी कशा जातात हाही सरावाचाच भाग आहे असं मी धरते. अंधार पडायच्या अर्धा तास आधी संपवायचं, एका टोल्यातल्या, म्हणजे एका वस्तीतल्या, मुलींनी सोबत निघायचं, शेवटची घरी पोचली की एका पालकाच्या फोनवरून कळवायचं. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसं हवीत. एकाला जखमी मुलीजवळ बसता येतं, दुसरा बाकीच्यांना पाहतो. शिवाय कोणतंही मूल एकट्या मोठ्या माणसासोबत बंद खोलीत राहत नाही. मी स्वतः बाई असूनही हा नियम माझ्यावर लावून घेतला आहे.

पायताणाचं: अर्ध्या मुली अनवाणी, अर्ध्या बुटात. खिळ्यांचे बूट आणि उघडा पाय एका मैदानावर कधीच आणायचे नाहीत. एका सामन्यात सगळ्या बुटात किंवा सगळ्या अनवाणी.

---

अमरावतीची फिजिओ

खूप चांगला धागा. माझ्याकडे येणारे गावाकडचे खेळाडू बहुतेक दोन गोष्टी घेऊन येतात, घोटा आणि गुडघा. आणि बहुतेक सगळे आठ-दहा दिवस उशिरा येतात, तोवर गरम तेलानं चोळून सुजेचा भोपळा झालेला असतो. घोटा मुरगळला की पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप पट्टी, पाय उशीवर उंच. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याचं फडकं बदलत राहा. मुलाला त्याच पायावर लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच ओरडला, तर हाड बसवणाऱ्याकडे न जाता एक्सरे.

दहा ते पंधरा वयाची मुलं वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं असं सांगतात. तिथे टेंगूळ असतं. वाढत्या हाडावर येणाऱ्या ताणानं ते होतं. दुखेपर्यंत उड्या आणि पळणं कमी करायचं, "सवय होईल" म्हणून रेटायचं नाही.

आता वॉर्म-अप. फिफाच्या वैद्यकीय मंडळींनी तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा क्रम आहे. १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, साहित्य काही लागत नाही. आधी आठ मिनिटं हळू पळणं, खुबे बाहेर-आत फिरवणं, जोडीदाराभोवती फिरणं. मग दहा मिनिटं पोट-पाठ, मांडीमागचे स्नायू, एका पायावर तोल, उठबस, उड्या. शेवटी दोन मिनिटं वेगानं पळणं आणि वळणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. ज्या संघांनी तो केला त्यांच्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. आठवड्यातून किमान दोनदा केला तरच उपयोग होतो. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला विचाराल तर उडीनंतर जमिनीवर येणं. गुडघे आत एकमेकांकडे पडता कामा नयेत, पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत, आणि जमिनीवर आवाज येता कामा नये. मी पोरांना सांगते, मांजर भिंतीवरून उतरते तसं उतरा.

---

जुना हाफबॅक

ताई, तुमच्या अभ्यासाचा आदर आहे, पण सरावाच्या ७५ मिनिटांतली २० मिनिटं? पोरं चेंडूसाठी येतात. वीस मिनिटं एका पायावर उभं केलं तर पुढच्या आठवड्यात निम्मी यायची नाहीत.

---

अमरावतीची फिजिओ

काका, शंका बरोबर आहे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी पंधराच्या पंधरा शिकवू नका. आठवड्याला तीन वाढवा. एकदा तोंडपाठ झाले की १५ मिनिटांत उरकतात, आणि पोरं स्वतःच घेतात, तोवर सरांना चेंडूत हवा भरता येते. एका पायावरचा तोल सांभाळताना जोडीदाराकडे चेंडू झेलायचा-टाकायचा असतो, म्हणजे चेंडू तिथेही आहे. पण एक माझ्या बाजूनं: घोटा गेलेला पोरगा सहा आठवडे बाहेर बसतो. ते आधी मोजा, मग माझी २० मिनिटं मोजा.

डोक्याचं राहिलंच. हेडिंगला, म्हणजे चेंडू डोक्यानं मारायला, जाताना दोन डोकी आपटली, किंवा पडून डोकं लागलं आणि पोरगं क्षणभर जरी गोंधळलं, तर त्या दिवशी परत मैदानात नाही. "मी बरा आहे सर" म्हटलं तरी नाही. घरच्यांना सांगून पाठवायचं. उलट्या, वाढती डोकेदुखी, जास्त झोपाळणं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काही झालं तर रात्रीतूनच दवाखाना. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच खेळ. लहान मुलांना हेडिंगचा वेगळा सराव देऊच नका. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्येच दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांचं हेडिंग बंद केलं.

---

जुना हाफबॅक

सहा आठवड्यांचं पटलं. आठवड्याला तीन, या हिशेबानं लावून पाहतो.

चेंडूबद्दल मात्र मला बोलू द्या. आठ ते बारा वयाला चार नंबरचा चेंडू, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. पाच नंबरचा ४१० ते ४५०. सहावीच्या पोराला पाच नंबरचा, तोही पावसात भिजून जड झालेला, डोक्यानं मारायला लावणं चूकच. हवा नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर आहे. मोजायचं यंत्र नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबा, किंचित आत गेला पाहिजे. सुई आत घालण्याआधी ओली करा, नाहीतर आतला ब्लॅडर फाटतो. गावाकडचे निम्मे चेंडू कोरड्या सुईनं मेले आहेत.

---

कपाशीवाला

गोलपोस्टचं कोनी बोललंच नाई. आमच्या गावात लोखंडी पाइपाचे वेल्डिंग करून आनले, मस्त झाले, पन नुसते उभे ठेवले होते. पोट्टे दांडीले लोंबकयतेत. एक दिवस पुरा गोल समोर आला. पोट्टा मांग सरकला म्हून वाचला, दांडी त्याच्या पायाच्या बोटासमोर पडली. आवाज अजून कानात हाये. मंग आमी गावकऱ्यायनं मिळून मांगच्या पाइपाले दोन्हीकडून खुट्या ठोकल्या अन् वर रेतीची पोती बांधली. नियमातबी लिहलं हाये म्हंते सर, का गोल जमिनीले घट्ट बांधलेला पाहिजे.

अन् चुना. आखनी कराले कयीचा चुना वापरू नका, डोयात गेला तर डोया जाते. फक्की आना.

साप: पावसायात चेंडू गवतात गेला तर हात घालाचा नाई, काठीनं काढाचा. चावलाच तर दोरी बांधू नका, चिरू नका, बाबाजीकडे नेऊ नका. हात-पाय हालू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय.

---

पूर्णाकाठ

विजेचं थोडक्यात. आमच्याकडे रोहिणी-मृगात संध्याकाळी अचानक गडगडतं. वीज चमकली की मोजायला लागा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ बंद, पक्क्या इमारतीत. झाडाखाली नाही, गोलजवळ नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, २० आणि ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. सामना रंगात असला की थांबवायला जीव होत नाही, म्हणून थांबवणारा एकच ठरवून ठेवा आणि त्याच्याशी कोणी हुज्जत घालायची नाही.

---

मैदानावरचा मास्तर

मंडळी, तीन आठवड्यांनी परत लिहितोय. तुमचं सगळं वहीत उतरवून काढलं आणि जमेल तसं लावलं.

आता सराव सकाळी साडेसहाला. पहिली पाच मिनिटं सगळे एका ओळीत हातभर अंतरानं मैदान ओलांडतात आणि सराटे, काचा, बाभळीचे काटे वेचतात. पहिल्या दिवशी घमेलंभर निघालं, त्यात एक तुटलेलं ब्लेड होतं. भेगा मुरूम टाकून बुजवल्या, ट्रॅक्टरची एक खेप पालकांनी दिली. मग इलेव्हन प्लसचे सध्या नऊ व्यायाम, दहावीची एक मुलगी घेते. त्यानंतर चार घोळके, मध्ये दोघं, बाकी सहा गोल करून चेंडू फिरवतात. मग पाणी. मग चार मैदानांवर चार-चार, पाच मिनिटांचा एक डाव, जिंकणारा संघ उजवीकडच्या मैदानावर सरकतो, हरणारा डावीकडच्या. त्यामुळे थोड्याच वेळात बरोबरीचे बरोबरीच्यांशी भिडतात आणि बारकं पोरगं दांडगटाच्या अंगाखाली येत नाही. पुन्हा पाणी. शेवटी हळू चालणं, हजेरी मोजणं, घर. नडगीचे पॅड नऊच जोड आहेत, म्हणून सरावात घसरून चेंडू काढणं पूर्ण बंद ठेवलंय.

संघ ओळखायला रंगीत बनियन नव्हत्या. मावशींनी घरचं जुनं लुगडं फाडून सोळा पट्ट्या करून दिल्या, पोरं त्या दंडाला बांधतात. गळ्यात बांधायची मनाई आहे.

राउंडची जागा कशानं घेतली, हे विचाराल. उशिरा येणाऱ्यानं त्या दिवशी पाण्याचा माठ भरायचा आणि सगळ्यांना पेले द्यायचे. झाडीपट्टीच्या ताईंचा हात वर करण्याचा नियमही लावला. पहिले चार दिवस कोणीच हात वर केला नाही. पाचव्या दिवशी तोच मागच्या वर्षीचा मुलगा, आता नववीत आहे, खेळता खेळता थांबला आणि हात वर करून माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी मान हलवली. तो निंबाखाली जाऊन बसला, पेलाभर पाणी प्यायला, आणि दोन-तीन मिनिटांनी आपणहून परत आत गेला. त्याच्यानंतर त्या सकाळी आणखी तिघांनी हात वर केला.

सिकलसेलची तपासणी पुढच्या बुधवारी उपकेंद्रात ठरली आहे, पालकांच्या सह्या घेणं चालू आहे. आरोग्यसेविका ताई, मुलांना त्या दिवशी खाऊन यायला सांगू का, तेवढं कळवा. आणि पंपाची सुई काल तुटली. यवतमाळ, दारव्हा नाहीतर दिग्रसला सुट्या सुया कुठे मिळतात, कोणाला माहीत असेल तर सांगा, शनिवारी बाजाराला जाणार आहे.